एकाने नोकरी सोडायची, पन्नासांनी टिकवायची

गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्यांत चार-पाच वर्षे मशीन लर्निंगचे काम केलेल्या आपल्या मुलामुलींमध्ये सध्या एक प्रश्न वारंवार निघतो. नोकरी सोडावी आणि पूर्ण वेळ आपल्या पोरांना या क्षेत्रासाठी तयार करावे का? विचारणारे बहुतेक पहिल्या पिढीतले पदवीधर असतात. घरातला पहिला लॅपटॉप त्यांनीच घेतलेला असतो. दिवसा ऑफिस, रात्री दहानंतर कुणाचा तरी मॉक इंटरव्ह्यू आणि रविवारी रिझ्युमे तपासणे, असे त्यांचे वर्षानुवर्षे चालू असते. एका टप्प्यावर दोन्ही जमेनासे होते. मग एक तर मेंटॉरिंग सुटते, नाहीतर तब्येत ढासळते.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. नोकरी आणि जात यांचा संबंध हा माझ्या अभ्यासाचा भाग असल्याने हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. माझे मत पहिल्यांदाच सांगते. या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. नोकरी सोडू पाहणाऱ्या एकट्या माणसाने तो का सोडवावा? ज्यांची नोकरी चालू आहे आणि चालूच राहणार आहे, अशा आपल्यातल्या पन्नास जणांना तो विचारायला हवा. एकाने पूर्ण वेळ काम करायचे असेल, तर त्याचा पगार कोण उभा करणार?

आधी हे काम काय आहे ते पाहू. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, मेंटॉर शिकवतो. पण शिकण्याची सोय आज बरीच आहे. रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र, पायथन, न्यूरल नेटवर्क या सगळ्यांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने फुकट ऐकता येतात. गूगल कोलॅबवर थोडा वेळ जीपीयूही फुकट मिळतो. तरी नांदेडच्या किंवा यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी अडते ती याच्या पुढे. शंभर कोर्सपैकी कोणते नव्वद सोडून द्यायचे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा तोच तो डेटा घेऊन केलेला प्रकल्प तिच्या रिझ्युमेत असतो आणि तो आणखी हजार जणांच्या रिझ्युमेत असतो. कंपनीतला माणूस तो वाचतसुद्धा नाही.

मेंटॉर तिला सांगतो की हे काढ, तुझ्या तालुक्याच्या बाजार समितीचे भाव घे, ते साफ कर, त्यावर मॉडेल बसव आणि ते कुठे चुकते ते लिहून काढ. इंटरव्ह्यूत विचारतात की तुमचे मॉडेल वापरात आल्यावर बिघडले तर तुम्हाला कसे कळेल? याचे उत्तर पुस्तकात असते, पण ते तोंडाने, अडखळत का होईना, इंग्रजीत मांडायची सवय दहा मॉक इंटरव्ह्यूंशिवाय लागत नाही. पगाराचा पहिला आकडा सांगितल्यावर लगेच हो म्हणायचे नसते. नोटीस पिरियडवर बोलणी करता येतात. ओळखीतून रेफरल मागणे म्हणजे भीक नव्हे. यातले काहीही अभ्यासक्रमात नाही.

सवर्ण मध्यमवर्गीय घरात हेच काम मामा, मावसभाऊ आणि सोसायटीतले काका करतात. जेवताना, लग्नाच्या मांडवात, दिवाळीच्या फराळाला. तिथे त्याला कुणी मेंटॉरिंग म्हणत नाही. पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून त्याची किंमतही दिसत नाही. पुढे तोच मुलगा इंटरव्ह्यूत सफाईने बोलतो आणि त्या सफाईला गुणवत्ता म्हटले जाते. आपल्या घरात मामा असतो, माया करणाराही असतो. पण त्याला डेटा सायंटिस्ट म्हणजे काय ते माहीत नसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

याचे पुरावे आहेत आणि त्यातले महत्त्वाचे पुरावे दिल्लीतच गोळा झाले आहेत. २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत काही अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे होते, फक्त आडनाव कधी सवर्ण, कधी दलित, कधी मुस्लिम होते. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून पाहिले. सगळ्यांचा दावा होता की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. पण उमेदवाराला विचारायचा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता तो घरच्या पार्श्वभूमीचा. वडील काय करतात, आई काय करते, भावंडे कुठे शिकली. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतल्या तीन विद्यापीठांतून नोकरीकडे निघालेल्या विद्यार्थ्यांचा माग घेतला. दलित विद्यार्थ्यांची शैक्षणिक पात्रता कमी पडत नव्हती. कमी पडत होत्या त्या ओळखी, आणि घरच्या पार्श्वभूमीचा प्रश्न त्यांना अस्वस्थ करून जात होता.

या अभ्यासांना बरीच वर्षे झाली, पण ज्या दाराबद्दल ते बोलतात ते दार तिथेच आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मशीन लर्निंगच्या बऱ्याचशा नोकऱ्या खासगी क्षेत्रात आहेत आणि अनेक ठिकाणी पहिली चाळणी रेफरलने होते. म्हणजे इथे ओळख हीच पहिली परीक्षा आहे, आणि आपला विद्यार्थी त्या परीक्षेला बसण्याआधीच बाहेर राहतो.

आता बाजाराकडे पाहा. ही पोकळी बाजाराने हेरली आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून कोडिंग शिकवायला लागलेल्यांची एक मोठी फळी गेल्या दहा वर्षांत उभी राहिली आणि त्यातले बरेच लोक दिल्ली परिसरातले आहेत. महिन्याचे पैसे भरा, मोठ्या कंपनीतला मेंटॉर मिळवा, अशा जाहिराती आपण रोज बघतो. त्यातले काही जण चांगले शिकवतात, यात वाद नाही. पण 'मी नोकरी सोडली आणि मनासारखे काम सुरू केले' ही गोष्ट सांगताना त्यात एक ओळ गाळलेली असते. सहा महिने कमाई नसली तर घर कशावर चालले? स्वतःचे घर होते का? वडिलांचे पेन्शन होते का? बायकोचा किंवा नवऱ्याचा पगार होता का? पडलो असतो तर खाली कोणती जाजम अंथरलेली होती?

आपल्या माणसाच्या पगारात काय काय असते ते आपल्याला माहीत आहे. आईच्या गोळ्या, धाकट्याची फी, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, गावच्या घराची स्लॅब, शिवाय इथल्या भाड्याच्या खोलीचा खर्च. एका पगारावर तीन घरे चालतात. त्याने सवर्ण सहकाऱ्याची गोष्ट ऐकून राजीनामा दिला, तर पडताना तो एकटा पडत नाही, तिन्ही घरे पडतात. आणि नोकरी सोडल्यावर पोट भरण्यासाठी त्याला मुलांकडून फी घ्यावी लागते. फी लावली की ज्या मुलीसाठी हे सारे सुरू केले, तीच सगळ्यात आधी बाहेर जाते.

मग काय, कुणी सोडूच नये? चळवळीचा इतिहास याला वेगळे उत्तर देतो, आणि त्या उत्तराची दोन माणसे याच दिल्लीत वावरली.

पहिले नानकचंद रत्तू. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातून आलेले, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेले. ऑफिस सुटले की ते बाबासाहेबांकडे जात आणि टंकलेखन करीत. हस्तलिखिते, पत्रे, प्रस्तावना, रात्री उशिरापर्यंत. अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात ५ डिसेंबर १९५६च्या रात्रीही ते होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या हयातीत छापून आला नाही, तो १९५७ साली निघाला. त्यामागे एका कारकुनाच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी आहेत. रत्तूंनी नोकरी सोडली नाही. नोकरी होती म्हणूनच त्या संध्याकाळी त्यांना देता आल्या.

दुसरे कांशीराम. ते पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, त्याविरुद्ध बोलणाऱ्या दीनाभाना या कर्मचाऱ्यावर कारवाई झाली, आणि त्या लढ्यात कांशीराम उतरले. नागपूरकडचे डी. के. खापर्डे त्याच प्रयोगशाळेत होते. त्यांनी कांशीरामांच्या हातात 'जातिप्रथेचे निर्मूलन' दिले. पुढे कांशीरामांनी नोकरी सोडली, लग्न करणार नाही, घरी परतणार नाही, असे घरी लिहून कळवले आणि आयुष्यभर ते पाळले.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. स्वतः नोकरी सोडलेल्या या माणसाने ६ डिसेंबर १९७८ रोजी दिल्लीत जी संघटना उभी केली ती नोकरी करणाऱ्यांची होती. बामसेफ म्हणजे मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक समाजांतल्या कर्मचाऱ्यांचा महासंघ. त्यांनी कर्मचाऱ्यांना राजीनामे द्यायला सांगितले नाही. नोकरीत राहा, आणि ज्या समाजामुळे ही नोकरी मिळाली त्याला तुमचा वेळ, तुमची बुद्धी आणि तुमचा पैसा परत करा, असे सांगितले. समाजाचे देणे फेडणे हा शब्दप्रयोग तिथून घराघरांत गेला. हजारो पगार चालू होते म्हणून काही थोडी माणसे पूर्ण वेळ हिंडू शकली. कांशीरामांना एक साधा हिशेब कळला होता. एक पूर्णवेळ माणूस उभा करायला अनेक अर्धवेळ माणसे लागतात, आणि त्या अर्धवेळ माणसांचे काम दुय्यम नसते.

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरणही याच बाजूचे आहे. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी त्यांनी १९२० साली सोडली आणि राहिलेले शिक्षण पुरे करायला ते लंडनला गेले. पण ती सोडण्याआधी त्यांनी महिना ४५० रुपयांच्या पगारातून काटकसरीने पैसे साठवले होते. शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भाथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते. शिल्लक, मदत आणि कर्ज अशा तिन्हींची जुळणी करून मग राजीनामा. नोकरी सोडण्याचा हा आंबेडकरी मार्ग आहे. डोळे मिटून उडी घेण्याचा तो नाही.

आणि तरीही त्या निर्णयाची किंमत मुंबईत कुणीतरी मोजतच होते. परळच्या चाळीत तो संसार रमाईंनी ओढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. ते वसतिगृह चालवताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. या दोघींबद्दल आपल्याला अपार आदर आहे. पण आदर दाखवायची एक पद्धत अशीही असू शकते की पुन्हा कुणा लक्ष्मीबाईला मंगळसूत्र विकावे लागू नये, अशी व्यवस्था आपण करावी. आपल्यातला कुणी पूर्ण वेळ काम करतो म्हटला की आपण टाळ्या वाजवतो, जयंतीला शाल-श्रीफळ देतो. त्याच्या घरचे वीजबिल कोण भरते, हे विचारत नाही. बहुतेक वेळा ते बायको भरते किंवा आई पोटाला चिमटा घेऊन भागवते.

आजही ही वाट चालणारे आहेत. अनूपकुमार हे दिल्लीत जेएनयूत शिकले. उच्च शिक्षणातल्या जातीय छळावर त्यांनी काम केले, 'इनसाइट' हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक चालवले, आणि २०१३ साली वर्ध्यात नालंदा अकादमी सुरू केली. खेड्यापाड्यांतल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तिथे तयार केले जाते. बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे यांनी एकलव्य ही संस्था उभी करून हेच काम उच्च शिक्षण संस्था आणि परदेशी शिष्यवृत्त्यांपर्यंत नेले. या दोन्ही कामांतून एक गोष्ट सिद्ध झाली. गावातल्या मुलीला दिल्लीचे विद्यापीठ किंवा लंडनची शिष्यवृत्ती माहीत नसते, म्हणून ती तिथे जात नाही. वाट दाखवणारे आणि तिच्यासोबत वर्षभर बसणारे माणूस मिळाले की ती जाते.

यूपीएससीच्या बाबतीत आपल्याकडे निदान रस्ता तरी आहे. मुखर्जी नगर आणि राजिंदर नगरचे क्लास, तिथे जाण्यासाठी बार्टीसारख्या संस्थेची मदत, आणि 'अमक्याचा मुलगा साहेब झाला' हे गावभर समजणारे यश. मशीन लर्निंग इंजिनीअर होण्याला अशी कोणतीच पायवाट नाही. ना वसतिगृह, ना शिष्यवृत्ती, ना गावाला समजेल असे पदनाम. जे पोचले ते एकेकटे, चाचपडत पोचले. म्हणून या क्षेत्रातल्या पूर्णवेळ मेंटॉरची गरज मला इतर अनेक क्षेत्रांपेक्षा जास्त वाटते.

आणखी एक कारण आहे. हे यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. अॅमेझॉनने रिझ्युमे चाळण्यासाठी एक मॉडेल तयार केले होते. आधीच्या वर्षांत आलेले अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून रिझ्युमेत 'महिलांचा' असा शब्द दिसला की ते मॉडेल गुण कमी करू लागले. कंपनीने ते बंद केल्याची बातमी २०१८ साली रॉयटर्सने दिली. आपल्याकडच्या नोंदींत लिंगासोबत जातही आहे. आडनावात आहे, पिनकोडमध्ये आहे, शाळेच्या माध्यमात आहे. कर्ज कुणाला द्यायचे, अर्ज कुणाचा पुढे सरकवायचा, हे ठरवणारी यंत्रे बनवणाऱ्या खोलीत आपले कुणीच नसेल, तर पिनकोडच्या रकान्यात वस्ती लपलेली आहे हे कुणाच्या लक्षात येणार? केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली, सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची. एवढा पैसा ज्या क्षेत्रात ओतला जातो आहे, तिथे आपण फक्त डेटा म्हणून हजर राहायचे का?

इथे काही आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत.

पहिला असा की हे सरकारचे काम आहे, आपण का करावे? हो, सरकारचेच आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, संस्थांमधला छळ थांबावा, खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्व मिळावे, या मागण्या सोडायच्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गाच्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यात काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला असेल. पण ज्यांना थांबवता आले असते त्यांच्याशेजारी त्या वेळी कोण होते, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेब सरकारशी भांडत होते, त्याच काळात बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

दुसरा आक्षेप असा की संध्याकाळचा वेळ पुरेसा आहे, पूर्ण वेळ कशाला? रत्तूंच्या संध्याकाळी मी वर सांगितल्याच. पण त्या एका माणसाच्या एका कामासाठी होत्या. वीस विद्यार्थी आठवडाभर सांभाळायचे, त्यांचा कोड वाचायचा, कुणाचे मन खचले तर फोन उचलायचा, कंपन्यांशी बोलायचे, हे रात्री दहानंतर होत नाही. आणि झाले तरी ते पुरुषांनाच जमते. आपल्या ज्या ताई ऑफिसातून घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागतात, त्यांना ती रात्रीची वेळ कुठून मिळणार? मेंटॉरिंग फावल्या वेळेचे काम राहिले, तर आपल्या मुलींना ताई मिळणार नाहीत, दादाच मिळतील.

तिसरा आक्षेप खुद्द इंजिनीअर मंडळींचा असतो. हे क्षेत्र दर वर्षी बदलते, तीन वर्षे बाहेर राहिलो तर परत कोण घेईल? हा आक्षेप खरा आहे. २०१७ साली ट्रान्सफॉर्मरवरचा शोधनिबंध आला आणि पाच-सहा वर्षांत भाषेशी संबंधित सगळे काम पालटून गेले. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि इंटरव्ह्यूतले प्रश्नही बदलले. प्रत्यक्ष काम सोडलेला मेंटॉर काही वर्षांत जुने शिकवू लागतो. म्हणजे आयुष्यभराचा राजीनामा विद्यार्थ्यांच्याही फायद्याचा नाही.

या तिन्ही आक्षेपांना पुरेल अशी एक मांडणी आहे. पन्नास नोकरदारांनी महिना दोन हजार रुपये दिले तर एक लाख रुपये होतात. गुरुग्रामच्या पगारात दोन हजार म्हणजे शनिवारच्या एका जेवणाचे बिल. या लाखातून एका मेंटॉरला साठ-पासष्ट हजार पगार द्यायचा. त्याच्या आधीच्या पगारापेक्षा तो कमी असेल, पण घर चालेल. आरोग्य विमा आणि भविष्य निर्वाहाची रक्कम वेगळी ठेवायची. उरलेल्यातून दोन-तीन जुने पण चांगले लॅपटॉप, जीपीयूचे भाडे आणि इंटरव्ह्यूला येणाऱ्या विद्यार्थ्याचे रेल्वेचे तिकीट. एका वेळी वीस विद्यार्थी, वर्षाला दोन तुकड्या. विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

करार दोन वर्षांचा असावा आणि कागदावर असावा. दोन वर्षांनी मेंटॉरने पुन्हा कंपनीत जायचे आणि पन्नासांतला दुसरा कुणी बाहेर यायचे. जाणाऱ्याला परत नोकरी मिळवून देण्याची जबाबदारी त्या पन्नासांची. रेफरल द्यायला ते तिथे बसलेलेच आहेत. पहिल्या चार मेंटॉरमध्ये निदान दोन स्त्रिया असाव्यात. पन्नासांनी पैसे देऊन मोकळे व्हायचे नाही. प्रत्येकाने महिन्याला दोन मॉक इंटरव्ह्यू घ्यायचे आणि आपल्या कंपनीत जागा निघाली की पहिल्या दिवशी कळवायचे. मामा-मावसभावाचे जे जाळे जन्माने मिळाले नाही, ते असे विणावे लागते.

हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवायचा. आपल्या कित्येक चांगल्या संस्था पैशाच्या संशयावरून फुटल्या, हे आपण जाणतो. संशय यायच्या आधीच वही उघडी ठेवली तर भांडणाला जागा राहत नाही. मेंटॉरचा पगार किती, हेही त्या वहीत लिहायचे आणि त्यात कुणाला संकोच वाटू नये. कामाचा पगार घेणारा माणूस चळवळीशी कमी प्रामाणिक असतो, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. फुकट राबवण्याला सेवा म्हणायची सवय ज्या व्यवस्थेने लावली, तिच्याविरुद्धच तर आपण उभे आहोत.

फक्त आपल्याच मुलांसाठी हे करणे म्हणजे उलटा जातीयवाद, असे ऑफिसात कुणीतरी म्हणेल. त्याला शांतपणे विचारावे की तुझे पहिले रेफरल कुणी दिले होते? उत्तर देताना तो बहुतेक एखाद्या नातेवाइकाचे किंवा शेजाऱ्याचे नाव घेईल.

ज्यांच्या मनात राजीनाम्याचा विचार घोळतो आहे त्यांना एवढेच सांगणे आहे की एकट्याने देऊ नका. आधी यादी करा. तुमच्या कॉलेजचे, वसतिगृहातले, जयंतीच्या कार्यक्रमात भेटलेले, तुम्ही स्वतः मॉक इंटरव्ह्यू घेऊन नोकरीला लावलेले. पन्नास नावे जमली नाहीत तर पंधरा जमवा आणि पंधरांच्या बळावर आठवड्याचे दोन दिवस मोकळे करून घ्या. आणि ज्यांना राजीनामा द्यायचाच नाही त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. तुमची नोकरी चळवळीला हवी आहे. फक्त तुमच्या ओळखीत असा कुणी रात्री दहानंतर जागून पोरे घडवत असेल, तर या महिन्याचा पगार झाला की त्याला फोन करा आणि विचारा की तुला पूर्ण वेळ हे काम करायला महिन्याला किती लागतील?